अप्पांचा हिरवागार उडीद

नांदेड

मराठवाड्यात निघालेय म्हटल्यावर कोल्हापुरात सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "या दुष्काळात? तिकडं बघण्यासारखं काय आहे?" रोग आहेत, असं मी खरं तेच सांगितलं. मग पुढं कुणी काही विचारलं नाही.

कडधान्यांच्या बियांमधून एका पिढीकडून दुसरीकडे जाणारे विषाणू हा माझा अभ्यासाचा विषय. माझ्या लग्नाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा मुलाकडची मंडळी थोडी मागं सरकून बसली होती. एकट्या सासूबाई पुढं सरकल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे चवळीला ताप येतोय व्हय?" तेव्हापासून आमचं जमलं. या प्रवासातही त्या स्वतःहून आल्या. "तू रोग बघ, मी माणसं बघते," म्हणाल्या. त्यांनी माझ्यापेक्षा जास्त काम केलं, हे आधीच सांगून टाकते.

नांदेडला उतरलो ती सकाळची वेळ. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात बसतो न बसतो तोच पोऱ्याला मागच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "सुशीला हाय का?"

"हाय की. गरम हाय."

सासूबाईंनी मान वळवली. त्यांचं नाव सुशीला. घरात त्यांना या नावानं हाक मारणारे सासरे वारून बरीच वर्षं झाली होती. तेवढ्यात दुसरा एकजण म्हणाला, "मला बी दे एक सुशीला. कांदा जास्त टाक."

"सुमन," सासूबाई हळूच म्हणाल्या, "हिथनं उठ."

मग ताटली समोर आली. भिजवून पिळलेल्या मुरमुऱ्यांना मिरची-कांद्याची फोडणी, वर दाण्याचं कूट. आमच्याकडं चुरमुरे म्हणजे भडंग, तो कुरकुरीत. ही सुशीला मऊ आणि ओलसर. सासूबाईंनी चाखून बघितली आणि दोन ताटल्या संपवल्या. तिसरी मागितली तर पोऱ्या म्हणाला, "सुशीला संपली, मावशी." त्या उठता उठता म्हणाल्या, "न्हाई रं, अजून हाय थोडी."

नांदेडात आमच्या ह्यांच्या एका मित्राकडं मुक्काम होता. आजूबाजूची गावं फिरून मी घराघरांतून मूठमूठ चवळी गोळा केली. दुष्काळात कुणाकडं बी मागणं सोपं नसतं. लोक माझ्याकडं बघत, मग सासूबाईंकडं बघत, आणि सासूबाईंशी गप्पा मारून झाल्यावर मूठ सैल सोडत. गोळा केलेली चवळी उगवते का ते बघायला मी ओल्या फडक्यात बांधून स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवली आणि भोकरकडं एक चक्कर मारून आले. परतल्यावर जेवायला चवळीची उसळ होती. मस्त होती. मी दोनदा वाढून घेतली. हात धुताना त्या मित्राच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "तुम्ही किती निगुतीनं भिजवून ठेवली होती हो. मोड बी कसे एकसारखे आले होते."

एवढ्या गावांतून आणलेल्या नमुन्यांबद्दल मला फक्त एवढंच सांगता येईल, की ते चवीला चांगले होते.

लातूर

नमुने पोटात गेल्यामुळं दुसरे शोधणं भाग होतं. कुठल्या भागात कडधान्याची पानं बिघडली आहेत हे विचारायला आम्ही लातूरला गेलो. लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघून नुकतंच जिल्हा झालं होतं आणि त्याचा आनंद गावाला पुरत नव्हता. जिल्हा टी हाऊस होतं, जिल्हा केशकर्तनालय होतं. रिक्षावाल्यानं विचारलं, "जिल्ह्याला जायचं का बसस्टँडला?" आम्ही जिल्ह्यातच तर उभ्या होतो, पण त्याच्या बोलण्यात जिल्हा म्हणजे कलेक्टर कचेरी.

मला हवी होती ती शेतकी कचेरी एका भाड्याच्या घरात भरत होती. बाहेरच्या पाटीवर नव्या रंगाखालून जुन्या जिल्ह्याचं नाव अजून डोकावत होतं. घरमालकीणबाईंनी जागा दिली होती, पण गच्चीवरचा हक्क सोडला नव्हता. आणि गच्चीचा जिना साहेबांच्या खोलीतून जात होता. मी साहेबांना विषाणू म्हणजे काय ते सांगत असताना त्या मिरच्यांचं सूप घेऊन मधून गेल्या. साहेब शिंकले, कारकून शिंकला, मी शिंकले. साहेब रुमालात म्हणाले, "रोज असतंय. नवी कचेरी होईपर्यंत सहन करायचं."

मग डोळे पुसत त्यांनीच बातमी दिली. "आजारी पीक तर सगळीकडंच हाय, पाणीच न्हाई तर. पण तुम्ही उदगीरकडं जा. तिथं एकाचा उडीद असा आलाय की लोक गाड्या करून बघायला जातात. एवढ्या दुष्काळात पानं अशी हाताएवढी."

मी विचारलं, "पानं सपाट आहेत की चुरगळल्यासारखी?"

"आता तुम्ही विचारलं म्हणून आठवलं. पापडासारखी हायेत."

मी वही मिटून उठले. सासूबाईंना वाटलं, मिरच्यांमुळं.

उदगीरच्या पुढं

गावाचं नाव सांगत नाही. दिगंबरअप्पांना आवडणार नाही.

उदगीरहून एसटीनं जाताना दोन्ही बाजूंना काळी जमीन भेगाळलेली होती. मृगात एक पाऊस झाला, त्यावर लोकांनी पेरलं, आणि मग आभाळानं तोंड दाखवलं नव्हतं. ज्वारी वीतभर वाढून थांबली होती. आणि त्या सगळ्या पिवळ्या रानात, रस्त्यापासून दिसेल असा, अप्पांचा उडीद. पट्टाच्या पट्टा गडद हिरवा. बांधावर बघणाऱ्यांची गर्दी. एका झाडाला कुणीतरी कुंकू लावलेलं.

अप्पा साठीचे, उंच, खांद्यावर कोरं उपरणं. पाहुण्यांना शेत दाखवून दाखवून त्यांचा घसा बसला होता. "या बाई, या. जिल्ह्याहून आलाव न्हवं? कवापासून वाट बघलालो. हात लावा, लावा की."

मी हात लावला. पानं जाड, मोठी, सुरकुतलेली. फुलांचे गुच्छ होते, पण शेंग कुठंच नव्हती. हा रोग असाच असतो. झाड मरत नाही, उलट फुगतं, दिसायला शेजारच्या निरोगी झाडापेक्षा देखणं होतं. फक्त शेंग धरत नाही. त्यातून उशिरा लागण झालेल्या एखाद्या झाडाला चार शेंगा आल्याच, तर त्या बियांतून तो पुढच्या वर्षी परत उगवतो.

"अप्पा, शेंगा?"

"येतील की. सध्या जोर पानात गेलाय."

शेजारच्या तुकड्यातला उडीद घोट्याएवढा होता. झाडं केविलवाणी, पण खाली वाकून बघितलं तर कोवळ्या शेंगांनी लगडलेली. तिथं एक बाई खुरपत होत्या. अप्पा हसले. "ते आमच्या शाळेच्या कांबळेबाईंचं. बाई पोरांना चांगल्या शिकवतात, पण उडीद त्यांचं ऐकत न्हाई."

कांबळेबाईंनी वर न बघता उत्तर दिलं. "माझ्या उडदाला मिरवायचं नाहीये, अप्पा. डाळ करायचीय."

मी अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, की झाडं आजारी आहेत आणि आजार बियातून आलाय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग बांधावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई म्हणतात, ह्यो आजारी हाय." सगळे हसले. एक म्हातारा म्हणाला, "असला आजार मला व्हावा."

"बी तर असं काळंभोर, टपोरं होतं," अप्पा म्हणाले. "राखेत घालून ठिवलेलं. किडा न्हाई, बुरशी न्हाई. कुठून आत जाईल त्यो?"

"बाहेरून गेलेला नाही. बी शेंगेत तयार होत होतं तेव्हाच झाडाकडून आत आला. बी बघून कळतच नाही."

"मग तुमाला कसं कळलं?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, तुमचं गेल्या वर्षीचं उरलेलं बी द्या, शेजारी कांबळेबाईंचं बी लावते, आणि उगवल्यावर दोघं मिळून बघू. अप्पांनी अट घातली. बी चांगलं निघालं तर त्या झाडांची टोपली मी डोक्यावर घेऊन उदगीरच्या बाजारातून मिरवायची, वाजंत्री लावून. आजारी निघालं तर ते पट्टा उपटतील. माझ्या आधी सासूबाईंनी हो म्हणून टाकलं. त्यांना वाजंत्री आवडते.

अप्पांच्या ओसरीवर

मुक्काम अप्पांकडंच पडला. त्यांच्या पत्नी गंगाबाईंनी आम्हाला हलूच दिलं नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, आणि सकाळी धपाटे. आमच्याकडं पाहुण्याला रस्सा किती तिखट सोसतो ते बघतात. इथं पाहुण्यानं भाकरी पुरे म्हटल्यावर आणखी किती वाढता येतात ते बघतात.

बी लावायला वनस्पती तुपाचे रिकामे डबे गोळा झाले. मातीत आधीचं काही राहू नये म्हणून ती भाजून घ्यायची होती. मी गंगाबाईंचा मोठा तवा मागून घेतला आणि अंगणात चूल मांडून माती भाजायला बसले. अर्ध्या तासात अर्धं गाव जमलं. कोल्हापूरची बाई माती परतायलीय, हे ऐकून शेजारच्या वस्तीवरूनही बायका आल्या. एकीनं फार काळजीनं विचारलं, "मीठ टाकलं का?"

डब्यांतल्या रोपांवर मावा, म्हणजे रोग पसरवणारे बारीक किडे, बसू नयेत म्हणून मी माझी मच्छरदाणी लावली. म्हणजे उडीद मच्छरदाणीत आणि मी बाहेर. डास मला आळीपाळीनं चावत आणि गंगाबाई कुतूहलानं म्हणत, "बियाची लई इज्जत हाय तुमच्यात."

प्रश्न पाण्याचा होता. विहीर कोरडी, टँकर यायचा तेव्हा घागरींची रांग लागायची. डब्यांना द्यायला पाणी मागायची मला लाज वाटली. ते काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. त्या दारोदार तांब्या घेऊन फिरायच्या. "भांडी विसळल्यालं चालंल, पण साबणाचं नको," असं सांगायच्या आणि प्रत्येक घरी थोडं बसून यायच्या. कांबळेबाईंच्या घरून भरलेला तांब्या आला, विसळलेल्या पाण्याचा नव्हे, प्यायच्या पाण्याचा. मी नको म्हटलं तर बाई म्हणाल्या, "राहू द्या. मलाही बघायचंय काय निघतं ते."

अप्पा सकाळपासून मच्छरदाणीजवळ बसू लागले. उपरण्यानं माश्या वारायचे, डब्यांशी बोलायचे. कोंब वर आले तेव्हा त्यांनी गूळ-शेंगदाणे वाटले. पहिली दोन पानं सरळ, हिरवी, निरोगी निघाली तेव्हा वाजंत्रीवाल्याला निरोप गेला. मी म्हणत होते, थांबा, खरं ते पुढच्या पानांत दिसेल. सासूबाई माझ्या डोक्याला टोपली बसते का ते बघत होत्या.

मधल्या दिवसांत मी आसपासची रानं हिंडले. परत येताना रोज मनात यायचं, की आपलं चुकलं असलं तर बरं. मिरवणुकीचं एवढं काही नव्हतं. त्या हिरव्या पट्ट्यामुळं या गावाला उन्हाळ्यासारख्या श्रावणात बघायला काहीतरी मिळालं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी अप्पा ओसरीवर उभे होते. बसले नव्हते, तेव्हाच मला कळलं. कांबळेबाईंच्या डब्यांत सगळी पानं सपाट होती. अप्पांच्याही बऱ्याचशा डब्यांत तशीच. पण काही रोपांची नवी तीन-तीन पानं चुरमडून, सुरकुत्या पडून बाहेर आली होती. शेतात होती तशीच, फक्त नखाएवढी.

"सगळी न्हाईत," अप्पा म्हणाले.

"सगळी नसतातच. थोड्या बियांतून येतो, आणि मग मावा-किडे शेजारच्या झाडांवर नेतात."

त्यांनी एक चुरमडलेलं पान बोटानं सरळ करून बघितलं. मग त्यांनी विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "गेल्या वर्षी हेच बी दिलं असंल दुसऱ्याला, तर त्याच्याकडं बी गेलं?"

"कुणाला दिलं होतंत?"

"लेकीला," अप्पा म्हणाले. "लग्नात. पोतंभर."

त्यांनी त्याच दिवशी पट्टा उपटला. बघायला आलेल्या लोकांना काय झालं ते स्वतः सांगितलं. त्या म्हाताऱ्यालाही सांगितलं. दुपारी ते कांबळेबाईंच्या दारात गेले. मी बरोबर होते. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"बाई, बी पाहिजे होतं. लेकीसाठी."

"माझा उडीद चालेल तुमच्या पाहुण्यांच्या रानात?" बाईंनी विचारलं. आवाज साधाच होता, पण त्या अप्पांच्या डोळ्यांत बघत होत्या.

"तुमी देत असाल तर चालंल," अप्पा म्हणाले. "मी हसत होतो तुमच्या उडदाला. त्याचं बी मनात ठिवू नका."

बाई आत गेल्या आणि गेल्या वर्षीच्या बियांची पिशवी घेऊन आल्या. पायांत चपला घालूनच आल्या. "मी पण येते. शाळेला सुट्टी आहे उद्या."

देगलूरकडं

लेकीचं गाव देगलूरच्या बाजूला, म्हणजे परत नांदेड जिल्ह्यात. एसटीत अप्पा, कांबळेबाई, सासूबाई आणि मी. अप्पा वाटेत एकदाच बोलले. लेकीला, संगीताला, सासरी सगळे चांगल्या पायगुणाची म्हणतात, तिनं आणलेल्या बियानं रान हिरवं झालं म्हणून. "आता काय म्हणतील?" असं मला विचारून ते तिकिटाच्या घड्या करत बसले.

संगीताचे सासरे मारोतराव म्हणजे रुंद मिशांचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. आम्हाला पाणी मिळायच्या आत त्यांनी अप्पांचा दंड धरला. "इवाई, आधी रानात चला. तुमची कृपा बघा." वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "हेच ते. सुनेचे वडील. बी यांचंच."

रानात तोच गडद हिरवा पट्टा होता, आणि बांधावर तशीच माणसं. फक्त झाडाला कुंकवाऐवजी हार घातला होता.

अप्पांनी घसा साफ केला. "इवाई, ह्यो आजारी हाय."

मारोतराव हसले. "असं कसं? पानं बगा की."

"पान मोठं होतंय, पण शेंग धरत न्हाई. बियातून येतंय हे. बी बगून कळत न्हाई." माझी वाक्यं एकेक करून अप्पांच्या तोंडून बाहेर पडत होती, माझ्यापेक्षा जास्त ठसक्यात.

"शेंगा येतील हो. सध्या जोर पानात गेलाय."

अप्पांचा चेहरा लाल झाला. "जोर पानात जात नसतो, मारोतराव. येड्यासारखं बोलू नका."

बांधावरच्या सगळ्या माना वळल्या. मुलीच्या सासऱ्याला असं कुणी बोलत नाही, आणि चारचौघांत तर नाहीच. मारोतरावांनी मिशीवरचा हात खाली घेतला. अप्पांना काय बोलून गेलो ते कळलं होतं, पण आता माघार कशी घ्यायची ते कळत नव्हतं. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आपण एका कडधान्याच्या रोगापायी या पोरीचं घर मोडायला आलोय.

संगीता चहाची किटली घेऊन बांधावर आली होती. तिनं सगळं ऐकलं असावं. किटली खाली ठेवून ती माझ्याजवळ आली.

"शेंगा येणारच न्हाईत का, बाई?"

"या झाडांना नाही येणार. आणि चार-दोन आल्याच तर त्या बियांतून पुढच्या वर्षी परत हेच."

"मामंजींनी भावकीत सगळ्यांना बी कबूल केलंय."

"म्हणजे मग सगळ्यांच्या रानात."

तिनं पदर खोचला, पट्ट्यात उतरली आणि पहिलं झाड उपटलं. मग दुसरं. "माझ्या माहेरचं हाय," ती कुणाकडं न बघता म्हणाली, "मीच काढते."

अप्पा खाली बसले. उभं राहवेना म्हणून बसले असतील असं मला वाटलं, पण ते बसल्या बसल्या उपटायला लागले होते. कांबळेबाई तिसऱ्या ओळीत शिरल्या. सासूबाई चौथ्या ओळीत शिरल्या आणि त्यांनी शेजारच्या मुगाची तीन चांगली झाडं उपटल्यावर मी त्यांना बाहेर काढलं. त्या म्हणाल्या, "मला सगळीच सारखी दिसत्यात." मग त्यांनी झाडावरचा हार गळ्यात घालून त्या पट्ट्याची हकीकत बांधावरच्या बायकांना सांगायला सुरुवात केली. हार कधी काढून घेतला ते मला माहीत नाही.

मारोतरावांनी उपटलेलं एक झाड उचलून उलटंपालटं करून बघितलं. शेवटी त्यांनी मला विचारलं, "माणसाला व्हत न्हाई ना हे?"

"नाही."

"म्हशीला?"

"नाही. खुशाल घाला."

दुष्काळात हिरवा चारा कुठून येणार? मारोतरावांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा उजेड आला. त्यांनी धोतर आवरलं आणि पट्ट्यात उतरले. सुनेच्या शेजारून उपटता उपटता हळूच म्हणाले, "आगं, सावकाश. हात सोलतील." गोठ्यातल्या म्हशीपुढं तो सगळा देखणा उडीद जाऊन पडला तेव्हा तिनं मान वर केली नाही.

जेवणं झाल्यावर कांबळेबाईंनी पिशवी काढली. संगीतानं पदर पसरला.

"ही ओटी नाही हं," बाई म्हणाल्या. "बियाणं आहे. पाऊस येईपर्यंत डब्यात घालून ठेव, आणि उसळ करू नकोस." हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. नांदेडची गोष्ट सासूबाईंनी तिथवर पोचवली होती.

आम्ही निघालो तेव्हा मारोतराव एसटीच्या थांब्यापर्यंत आले. थांब्यावर भावकीतले दोघे उभे होते. त्यांनी विचारलंच, उडीद का उपटला म्हणून. मी उत्तर जुळवत होते. अप्पा खाली बघत होते. मारोतरावांनी खिशातून चिमूटभर बी काढून तळहातावर ठेवलं आणि त्या दोघांच्या नाकासमोर धरलं.

"त्यो जुना झाला," ते म्हणाले. "सुनेच्या माहेराहून नवं बी आलंय. बगा, किती बारीक हाय. हे झाड लई उंच होत न्हाई. लांबून तर दिसत बी न्हाई."

त्या दोघांनी वाकून बघितलं आणि मूठ मूठ आपल्यालाही मिळेल का, असं विचारलं.

"सुनेला विचारा," मारोतराव म्हणाले.